सागरी कासवांचा अधिवास : ओळख, अधिसूचना व निरसन
(ग्रेट निकोबारच्या गॅलाथिया उपसागराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

जानेवारी २०२१ या एकाच महिन्यात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या कक्षेत दोन घटना घडल्या. ५ जानेवारीला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने ग्रेट निकोबार बेटावरील गॅलाथिया उपसागर अभयारण्याची अधिसूचना मागे घेण्यास संमती दिली. २८ जानेवारीला त्याच मंत्रालयाने राष्ट्रीय सागरी कासव कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि देशातील महत्त्वाच्या कासव-अधिवासांमध्ये गॅलाथिया उपसागराचा समावेश केला. तेवीस दिवसांच्या अंतराने एकच किनारा एका कागदावर महत्त्वाचा ठरला आणि दुसऱ्या कागदावरून उतरला.

या विसंगतीची चर्चा बहुधा प्रशासकीय गोंधळ किंवा विकास विरुद्ध पर्यावरण या परिचित चौकटीत केली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यामागे एक जुना प्रश्न दिसतो. एखादा किनारा ‘महत्त्वाचा अधिवास’ आहे हे कोणी, केव्हा, कोणत्या साधनांनी ठरविले? आणि तसे ठरल्यावर नेमके काय राखले गेले : कासव, वाळू, की नकाशावरची एक रेघ? प्रस्तुत निबंधात उष्णकटिबंधीय बेटांवरील, मुख्यत्वे अंदमान-निकोबार व लक्षद्वीप येथील कासव-अधिवासांच्या शोधाचा व संरक्षणाचा सुमारे साडेचार दशकांचा प्रवास या प्रश्नाच्या अनुषंगाने तपासला आहे. अधिवासाची ओळख पटणे आणि त्याचे संरक्षण होणे या दोन स्वतंत्र ऐतिहासिक प्रक्रिया आहेत, पहिलीतून दुसरी आपोआप निष्पन्न होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बेटे : समुद्रावरील शिधा

संरक्षणाच्या कल्पनेपूर्वीही कासवांचे किनारे लोकांना पक्के ठाऊक होते. ते ठाऊक असण्याचे कारण भूक हे होते. १५०३ मध्ये कोलंबसाच्या जहाजांना कॅरिबियन समुद्रात दोन लहान बेटांभोवती इतकी कासवे आढळली की, त्या बेटांना ‘लास तोर्तुगास’ हेच नाव पडले. आजची केमन बेटे ती हीच. पुढील तीन शतके हिरव्या कासवाचे मांस हा अटलांटिकमधील जहाजांचा ताजा शिधा होता. उलटे करून ठेवलेले कासव अन्नपाण्यावाचून कित्येक आठवडे जिवंत राहते, हा त्या प्राण्याचा गुणच त्याच्या मुळावर आला.

बर्म्युडा बेटाच्या सभेने १६२० मध्ये अठरा इंचांहून लहान कासवे मारण्यास बंदी घातली. ज्ञात इतिहासातील हा कासव-संरक्षणाचा अगदी आरंभीचा कायदा होय. तरीही बर्म्युडाच्या किनाऱ्यावर वीण करणारी हिरवी कासवे नाहीशी झाली. कायदा लहान कासवांविषयी बोलत होता आणि वाळूवर येणाऱ्या मोठ्या माद्यांविषयी गप्प होता, हे त्याचे एक कारण मानता येते. किनाऱ्याचे नाव त्या कायद्यात नव्हतेच.

विणीचे ठिकाण आणि चरण्याचे ठिकाण एकमेकांपासून फार दूर असू शकते, ही गोष्ट शास्त्रीय पुराव्याने पुढे यायला विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांच्या पुढाकाराने १९६० मध्ये असेन्शन बेटावर हिरव्या कासवांना धातूचे बिल्ले लावले गेले. त्यांपैकी काही कासवे दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, ब्राझीलच्या किनाऱ्यावर सापडली. म्हणजे बेट जपले तरी कासव जपले जाईलच असे नाही, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

अंदमान-निकोबारमध्ये कासवांविषयीचे ज्ञान स्थानिक जमातींकडे पूर्वापार होते. ई. एच. मॅन यांनी १८८० च्या दशकात अंदमानी लोकांविषयी जे लेखन केले, त्यात कासवाच्या शिकारीची वर्णने आहेत. परंतु वसाहतकालीन नोंदींत कासव हे जमातीच्या आहाराचा भाग म्हणून येते, किनाऱ्याचा रहिवासी म्हणून येत नाही. कोणत्या वाळूवर, कोणत्या महिन्यात, कोणती जात वर चढते, हा प्रश्न त्या नोंदी विचारीत नाहीत.

पायी चालून घेतलेला शोध

हा प्रश्न भारतीय बेटांच्या बाबतीत पद्धतशीरपणे विचारणारे पहिले नाव सतीश भास्कर यांचे आहे. आय. आय. टी. मद्रास येथील अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून ते मद्रास सर्पोद्यानाच्या कामात आले. १९७७ पासून पुढे त्यांनी लक्षद्वीप, गुजरात, अंदमान व निकोबार येथील किनारे पायी पालथे घातले. १९७८-७९ च्या अंदमान-निकोबार सर्वेक्षणाचा वृत्तांत ‘हमाड्रायड’ या पत्रिकेत १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाजवळील गॅलाथिया उपसागरात लेदरबॅक या महाकाय कासवाची वीण होते, ही गोष्ट याच काळात शास्त्रीय नोंदीत आली. उपसागराचे व नदीचे नाव मात्र परके आहे. १८४५ ते १८४७ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘गॅलाथिया’ या डॅनिश जहाजाचे ते नाव असून ते जहाज १८४६ मध्ये निकोबारला आले होते.

भास्कर यांच्या पद्धतीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण ‘अधिवासाची ओळख’ या शब्दप्रयोगाचा अर्थच तिच्यात दडलेला आहे. मादी रात्री येते, तास-दीड तासात अंडी घालून परतते. निरीक्षकाला ती दिसेलच असे नाही. दिसतो तो माग. लेदरबॅक आणि हिरवे कासव पुढचे दोन्ही वल्हे-पाय एकाच वेळी टाकते, त्यामुळे मागाच्या दोन्ही बाजू सारख्या उमटतात. ऑलिव्ह रिडले व हॉक्सबिल आळीपाळीने पाय टाकतात, त्यांचा माग तिरका, वेणीसारखा दिसतो. लेदरबॅकचा माग सहज दीड-दोन मीटर रुंद असतो. त्यावरून, वाळूत केलेल्या खळग्याच्या आकारावरून आणि पिल्ले बाहेर पडल्यावर उरलेल्या टरफलांवरून जात, संख्या व अंदाजे काळ सांगता येतो. काही मादी वाळूवर येऊन अंडी न घालताच परत फिरते, तो माग वेगळा मोजावा लागतो. वाचता येणाऱ्याला किनारा म्हणजे एक दप्तरच असते, फक्त ते भरतीच्या व पावसाच्या हाती असते. दोन-चार आठवड्यांत पाने पुसली जातात.

म्हणून कोणत्या ऋतूत गेलो याला सर्वाधिक महत्त्व येते. लक्षद्वीपमधील हिरव्या कासवांची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. याच काळात समुद्र खवळलेला असल्याने सुहेलीसारख्या निर्मनुष्य प्रवाळद्वीपाकडे कोणी फिरकत नाही. उघाडीत मच्छीमार जातात, त्यांना जुने खळगे दिसतात, इतकेच. भास्कर १९८२ चा संपूर्ण पावसाळा सुहेलीवर एकटे राहिले. या मुक्कामात त्यांनी पत्नीला लिहिलेले पत्र बाटलीत घालून समुद्रात सोडले. ते अवघ्या २४ दिवसांनी श्रीलंकेच्या किनाऱ्यावर एका कोळ्याच्या हाती लागले आणि त्याने ते पोस्टाने मद्रासला धाडले. ही कथा आता दंतकथेसारखी सांगितली जाते. ती रम्य आहेच. तथापि नैर्ऋत्य मोसमी प्रवाह लक्षद्वीपकडून पूर्वेला कसा वाहतो, याचा तो एक छोटा पुरावाही होता. कवच फोडून समुद्रात शिरलेल्या पिल्लांची पहिली वर्षे अशाच प्रवाहांवर जातात.

पुढे अंदमानातील साउथ रीफ या अगदी लहान बेटावर त्यांनी हॉक्सबिलच्या विणीचा अभ्यास असाच, पावसाळ्यात मुक्काम ठोकून केला. १९८० च्या दशकाच्या मध्यात इंडोनेशियातील न्यू गिनी बेटाच्या पश्चिम टोकावर लेदरबॅकच्या मोठ्या विणीच्या नोंदीही त्यांनी घेतल्या. चार हजारांहून अधिक किलोमीटर किनारा पायी चालणाऱ्या या संशोधकाचा २०२३ मध्ये गोव्यात मृत्यू झाला.

एका मनुष्याच्या चिकाटीचे कौतुक करून येथे थांबणे सोपे आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र अडचणीचा आहे. जेथे कोणी चालले नाही तेथे कासव नव्हते असे दप्तर सांगते. ग्रेट निकोबारचाच दाखला घेऊ. या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर अलेक्झांड्रिया व डॅगमार या नद्यांच्या मुखांपाशीही लेदरबॅकची वीण होते. पण तेथे रस्ता नाही. गॅलाथियापर्यंत मात्र कॅम्पबेल बेपासून इंदिरा पॉइंटकडे जाणारा रस्ता होता. त्यामुळे बेटावरील सर्वाधिक अभ्यासलेला किनारा गॅलाथियाचा ठरला. तो महत्त्वाचा होता यात शंका नाही, परंतु त्याचे महत्त्व नोंदीत यायला वाळूइतकीच सडकही कारणीभूत होती.

अधिसूचनांचा काळ

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. १९७७ मध्ये सागरी कासवे त्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. त्याच अधिनियमाच्या कलम ६५ ने निकोबारच्या अनुसूचित जमातींना १९६७ च्या अधिसूचनेन्वये मिळालेले शिकारीचे हक्क अबाधित ठेवले. भारतीय वन्यजीव कायद्यातील ही दुर्मीळ समजूतदार तरतूद म्हणावी लागेल. किनाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या नाते असलेल्या माणसांना तेथून हाकलून कासव वाचवायचे नाही, एवढे तरी तिने मान्य केले.

१९८० च्या दशकात अंदमान-निकोबारमधील लहानमोठ्या बेटांवर अभयारण्यांचे सत्र सुरू झाले. त्यांची संख्या नव्वदीच्या वर गेली. कित्येक अभयारण्ये एखाद-दुसऱ्या चौरस किलोमीटरच्या एका बेटापुरतीच आहेत. १९८९ मध्ये ग्रेट निकोबार जीवावरण राखीव क्षेत्र झाले. १९९२ मध्ये बेटावर कॅम्पबेल बे व गॅलाथिया ही दोन राष्ट्रीय उद्याने अधिसूचित झाली, आणि १९९७ मध्ये ११.४४ चौरस किलोमीटरचे गॅलाथिया उपसागर अभयारण्य. नोंद झाल्यापासून संरक्षण मिळेपर्यंत अठरा वर्षे लोटली होती.

या अठरा वर्षांत किनारा स्वस्थ नव्हता. १९६९ पासून ग्रेट निकोबारच्या पूर्व किनाऱ्यावर माजी सैनिकांच्या कुटुंबांना वसविण्यात आले. पंजाब, केरळ, तामिळनाडू यांबरोबर महाराष्ट्रातील कुटुंबेही त्यांत होती. घनदाट पर्जन्यवनात, मुख्य भूमीपासून दीड हजार किलोमीटरवर शेती उभी करणाऱ्या या लोकांच्या कष्टांचा इतिहास मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही, हे जाता जाता नमूद करतो. वस्तीबरोबर कुत्री आली. भटकी कुत्री व डुकरे अंड्यांचे खळगे उकरतात; घोरपडी तर मुळातल्याच. निसर्गातील घोरपडीचा वाटा कासवाने हजारो वर्षे सोसला आहे. एका मादीची एका वेळची अंडी शंभराच्या आसपास असतात आणि एकाच हंगामात ती नऊ-दहा दिवसांच्या अंतराने अनेकदा वर येते, ते यासाठीच. कुत्र्यांची भर या हिशेबात धरलेली नव्हती.

अधिक गंभीर प्रश्न वाळूचा होता. बेटांवर नदीची वाळू जवळपास नाही. इमारत, धक्का, रस्ता, जे बांधायचे त्याला समुद्रकिनाऱ्याचीच वाळू लागते. अंदमान-निकोबारच्या जंगलतोडीविरुद्ध पोर्ट ब्लेअरची एक स्थानिक संस्था, मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि पुण्याची कल्पवृक्ष यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने शेखर सिंग यांचा एकसदस्य आयोग नेमला व ७ मे २००२ च्या आदेशाने त्याच्या शिफारशी बहुतांशी स्वीकारल्या. त्यांत वृक्षतोडीवरील निर्बंधांबरोबर किनाऱ्यावरील वाळूउपसा टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस होती. हा खटला जंगलाचा म्हणून ओळखला जातो. कासवांच्या दृष्टीने पाहता, एकेका किनाऱ्याला नाव न देता सर्व किनाऱ्यांची वाळू जागेवर ठेवण्याचा हा पहिला व्यापक प्रयत्न होता, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे मोल एखाद्या अभयारण्याहून कमी नाही.

किनारा बुडतो, किनारा उगवतो

२६ डिसेंबर २००४ रोजीच्या भूकंपाने ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक खचले. इंदिरा पॉइंट येथील जमीन सुमारे सव्वाचार मीटर खाली गेली, एरवी कोरड्या जमिनीवर असलेला दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. पाठोपाठ त्सुनामी आली. डिसेंबर हा लेदरबॅकच्या विणीचा भर हंगाम. गॅलाथियाची वाळू, तिच्यातील अंडी आणि कासवांच्या अभ्यासासाठी उभारलेली छावणी, सारे वाहून गेले. दक्षिण किनाऱ्यावरची चिंगेन्ह आदी निकोबारी गावे उद्ध्वस्त झाली आणि वाचलेल्या लोकांना कॅम्पबेल बेजवळील निवारा-वसाहतींत हलविण्यात आले.

अधिसूचित अधिवास अशा रीतीने एका सकाळी पाण्याखाली गेला. अधिसूचना कायम होती, अधिवास नव्हता. पुढील काही वर्षांत लाटांनी नव्या पातळीवर वाळू साचविली, किनारा थोडा मागे सरकून पुन्हा तयार झाला आणि लेदरबॅक परत आले. मादी जन्मभूमीच्या परिसरात परतते, पण लेदरबॅकच्या बाबतीत हा परिसर बराच सैल असतो. बदलत्या, नदीमुखाजवळच्या, मोकळ्या व खोल पाण्याला भिडलेल्या वाळूवर येणारी ही जात आहे. असा किनारा मुळातच अस्थिर असतो आणि तिच्या सवयी या अस्थिरतेशी जुळलेल्या आहेत. गॅलाथियाने हे प्रत्यक्ष दाखवून दिले. किनाऱ्यामागची जमीन मोकळी असेल तर वाळू मागे सरकू शकते; तेथे भिंत, धक्का वा रस्ता असेल तर सरकायला जागाच उरत नाही.

गॅलाथिया अभ्यासासाठी दुर्गम झाल्यावर संशोधकांनी लिटल अंदमानकडे लक्ष वळविले. दक्षिण फाउंडेशन, भारतीय विज्ञान संस्था आणि अंदमान-निकोबार पर्यावरण गट यांनी २००८ पासून तेथील वेस्ट बे किनाऱ्यावर दीर्घकालीन निरीक्षण सुरू केले. २०११ ते २०१४ या काळात दहा माद्यांवर उपग्रह-प्रक्षेपक बसविण्यात आले. काही माद्या आग्नेयेकडे, इंडोनेशियाच्या बाजूने थेट पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दिशेने गेल्या. काही नैर्ऋत्येला मादागास्कर व आफ्रिकेच्या रोखाने निघाल्या. त्यांपैकी एकीने तेरा हजारांहून अधिक किलोमीटर अंतर कापून मोझांबिकपर्यंत मजल मारली. असेन्शनच्या बिल्ल्यांनी १९६० मध्ये जे सुचविले होते, ते आता रोजच्या रोज नकाशावर उमटू लागले. लिटल अंदमानची वाळू हा या प्राण्याच्या आयुष्यातील काही रात्रींचा पत्ता आहे, उरलेले आयुष्य अनेक देशांच्या पाण्यात जाते. हिंदी महासागर व आग्नेय आशियातील कासवांविषयीचा सामंजस्य करार २००१ मध्ये अमलात आला होता व भारताने त्यावर २००७ मध्ये सही केली होती. त्या सहीची गरज काय होती, हे या मार्गरेषांवरून कळते.

येथे मलेशियाची आठवण ठेवणे भाग आहे. तेथील रांताउ अबांग किनाऱ्यावर १९५० च्या दशकात लेदरबॅकची वर्षाला सुमारे १०,००० घरटी होत. शतक संपेपर्यंत ती बोटांवर मोजण्याइतकी उरली. हा किनारा अनोळखी नव्हता, उलट जगप्रसिद्ध होता. अंड्यांची अनेक वर्षांची वेचणी आणि समुद्रातील जाळी यांनी त्याचा घास घेतला. निकोबारच्या किनाऱ्यांचे मोल या पार्श्वभूमीवर ठरते.

लक्षद्वीपचा प्रतिदाखला

आतापर्यंतचे विवेचन विणीच्या वाळूविषयी होते. चरण्याच्या अधिवासाची गोष्ट निराळी असून ती लक्षद्वीपमध्ये शिकायला मिळते. तेथे पूर्वी हिरव्या कासवाची शिकार होत असे. त्याच्या चरबीचे तेल लाकडी होड्यांना लावीत. १९७७ नंतर शिकार थांबत गेली. शतकाच्या आरंभी अगत्ती बेटाच्या प्रवाळवेढ्यातील उथळ पाण्यात हिरव्या कासवांची दाटी झाली. ती तेथील समुद्रगवतावर चरत होती. काही वर्षांतच गवताची कुरणे विरळ होऊन संपली आणि कासवांचा मोठा समुदाय दुसऱ्या बेटाच्या पाण्यात गेला. तेथेही तेच घडले. समुद्रगवतात वाढणारे मासे कमी झाले आणि अगत्तीच्या मच्छीमारांचा रोष कासवावर आला. या तक्रारीला अज्ञान म्हणून झटकता येत नाही, कारण संशोधकांच्या मोजणीनेही गवत व मासे घटल्याचेच दाखविले.

अगत्तीच्या कुरणाला २००५ च्या सुमारास ‘महत्त्वाचा अधिवास’ म्हणून सीमा आखून दिली असती, तर दहा वर्षांनी त्या सीमेत ना गवत राहिले असते ना कासव. येथे जपायचे ते एक ठिकाण नसून बेटामागून बेट चरत जाण्याची व मागे राहिलेल्या कुरणाला पुन्हा उगवू देण्याची ती फिरती व्यवस्था आहे. शार्कसारखे मोठे शिकारी मासे कमी झाल्याने कासवांवरचा वचक गेला असावा, असेही अभ्यासकांनी सुचविले आहे. काही असो, कासवांची संख्या वाढली म्हणजे संरक्षण सफल झाले, या सरळ समीकरणाला लक्षद्वीपने छेद दिला.

नकाशावरून उतरलेला किनारा

या साऱ्या अनुभवाचा परिणाम शास्त्रीय निकषांवर झाला. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या सागरी कासव तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये ‘महत्त्वाची सागरी कासव क्षेत्रे’ ओळखण्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वीण, चरणे, स्थलांतर असे जीवनक्रमातील सर्व टप्पे तीत धरले आहेत. अशा क्षेत्राची निश्चिती ही शास्त्रीय मान्यता असते, कायदेशीर बंधन नव्हे. संरक्षण द्यायचे की नाही हे त्या त्या राष्ट्राने ठरवायचे असते.

भारतात कायदेशीर बंधन देणाऱ्या दोन वाटा होत्या. एक अभयारण्याची, दुसरी बेटांच्या किनारा नियमन अधिसूचनेची. २०११ व २०१९ च्या अशा अधिसूचनांनी कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संवेदनशील वर्गात घातल्या. गॅलाथिया उपसागरात जहाजांतील माल चढ-उताराचे मोठे बंदर उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा पहिली वाट जानेवारी २०२१ मध्ये बंद झाली. मलाक्का सामुद्रधुनीच्या सान्निध्यामुळे या जागेचे व्यापारी व सामरिक महत्त्व मोठे आहे, ही शासनाची भूमिका होती. लेदरबॅकची वीण प्रामुख्याने उपसागराच्या पश्चिम बाजूच्या वाळूवर होते आणि ती वाळू मोकळी ठेवली जाईल, असे प्रकल्पाच्या बाजूने मांडले गेले. या युक्तिवादाची दखल घेतली पाहिजे, परंतु तो १९९७ पूर्वीच्या समजुतीकडे, म्हणजे अधिवास म्हणजे केवळ वाळूचा पट्टा या कल्पनेकडे, परत नेतो. मादी वाळूवर येते ती उपसागराच्या तोंडातून. लाटरोधक बांध घातल्यावर प्रवाह व वाळूची वाहतूक बदलते, दिव्यांच्या उजेडाने पिल्लांची दिशा चुकते, आणि २००४ नंतर किनाऱ्याने जसे मागे सरून नवे रूप घेतले तसे घ्यायला मोकळीक उरत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्याच महिन्यात लिटल व ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेने आपण आधी दिलेले ना-हरकत पत्र मागे घेतले. त्सुनामीनंतर विस्थापित झालेल्या दक्षिणेकडील गावांच्या लोकांना आपल्या जुन्या जागी परतायचे होते. ती जागा प्रकल्पात जात असल्याची कल्पना आपल्याला दिली गेली नाही, असे परिषदेचे म्हणणे होते. दुसऱ्या वाटेचा वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर गेला. एप्रिल २०२३ च्या आदेशात न्यायाधिकरणाने मंजुरी रद्द केली नाही, मात्र काही मुद्द्यांच्या फेरतपासणीसाठी उच्चाधिकार समिती नेमली. प्रकल्पाचा काही भाग संवेदनशील वर्गात येतो का, हा त्यांतील एक मुद्दा होता. आधीच्या सरकारी कागदांत तो येतो असे दिसत होते. नंतरच्या प्रत्यक्ष पाहणीचा हवाला देऊन तो येत नाही असे सांगण्यात आले. कासव तेथे अंडी घालते की नाही याविषयी दोन्ही बाजूंचा वाद नव्हता. वाद होता तो रेघ कोठून जाते याचा.

दरम्यान २०२२ मध्ये लिटल निकोबारवर लेदरबॅकसाठी, मेंचाल बेटावर मेगापोड पक्ष्यासाठी आणि मेरो बेटावर प्रवाळांसाठी नवी अभयारण्ये अधिसूचित झाली. लिटल निकोबारच्या किनाऱ्यांवर लेदरबॅकची वीण होते, हेही जुन्या पायी सर्वेक्षणांतून ठाऊक होते. पण गॅलाथियाच्या मादीला लिटल निकोबारला पाठविण्याची सोय कोणत्याही अधिसूचनेत नसते. शिवाय ही बेटे निकोबारी कुटुंबांच्या परंपरागत मालकीची व वापराची आहेत आणि आपल्याला न विचारता ती अभयारण्ये झाली, अशी त्यांची तक्रार आहे. कलम ६५ मधील समजूतदारपणा येथे आठवतो. एका किनाऱ्यावरून कासवाचे संरक्षण काढले आणि दुसऱ्या किनाऱ्यावर संरक्षणाच्या नावाने माणसांच्या हक्कांवर मर्यादा आणली, असा हा दुहेरी व्यवहार झाला.

गॅलाथियाच्या बाबतीत आज अभ्यासकाच्या हाती १९७९ पासूनच्या नोंदी आहेत : पायी सर्वेक्षणांच्या, छावण्यांच्या, वनविभागाच्या. त्या सलग नाहीत, त्यांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि बऱ्याच अप्रकाशित अहवालांत विखुरलेल्या आहेत. त्या एकत्र करून हंगामवार लावणे हे प्राणिशास्त्राइतकेच इतिहासाचेही काम आहे, कारण कोणत्या वर्षी कोण, किती रात्री, किनाऱ्याच्या कोणत्या भागात चालले हे कळल्याखेरीज त्यांतील आकड्यांना अर्थ नाही. अभयारण्याचा दर्जा गेल्यानंतरच्या २०२४ च्या हंगामातही उपसागराच्या वाळूवर लेदरबॅकचे रुंद माग उमटले आणि वनविभागाने ते मोजले.